वहिनींनी काढलेल्या वायरी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी वहिनींचे म्हणेन. दहावीनंतर मला धान्याच्या आडतीवर कामाला लावायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. वहिनी तेव्हा नवीन सून, सासऱ्यांसमोर फारसं न बोलणाऱ्या. त्या दिवशी मात्र दाराआडून म्हणाल्या, "याले शिकू द्या. याच्या वाटचं काम मी करीन." आणि मी पदवीधर होईपर्यंत माझ्या वाटच्या दोन्ही म्हशी त्यांनीच पाहिल्या. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला.

यंदा वहिनींचा पाय मोडला. दादा एसटीत चालक, त्याच्या मुक्कामी फेऱ्या. म्हणून मी पुण्याच्या नोकरीत विनंती करून गावी, साखरखेर्ड्याला, घरून काम करण्याची परवानगी मिळवली. साहेबांची अट एकच होती: मोबाइलच्या नेटवर चालणार नाही, वायरचं नेट हवं, आणि ते बंद पडायला लागलं तर पुण्याला परत यायचं.

एका दुपारी मी बाजारात असताना अवकाळी आभाळ कडाडलं. आमच्याकडे वीज कडाडली की घरातल्या सगळ्या वायरी काढून ठेवतात. वहिनी वॉकर धरत माझ्या खोलीत गेल्या आणि कॉम्प्युटरला मागून जे जे लावलेलं होतं ते सगळं त्यांनी उपसलं. आभाळ निवळल्यावर तितक्याच काळजीनं परत लावलंही.

घरी येऊन मी कॉम्प्युटर सुरू केला. तो लिनक्सवर चालतो. नेटच्या जागी लिहून आलं, केबल जोडलेली नाही. मागे पाहिलं तर केबल घट्ट बसलेली, शेजारी हिरवा दिवा लुकलुकत होता. केबल बदलली, राउटर बंद करून चालू केला. तेच.

"जळला का रे?" वहिनींनी दारातून विचारलं.

"नाही हो. पाहून राह्यलो."

"माह्याच हातानं झालं. काढल्या त काढल्या, लावायले कोनं सांगितलं होतं मले?"

तेवढ्यात फेरीवरून आलेला दादा म्हणाला, "तुले इंजिनिअर व्हायचं होतं त आधी सांगायचं ना वो."

"तुम्ही आपली गाडी हाना," वहिनी म्हणाल्या. पण त्यांचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा भाऊ त्यांना आठवडाभर माहेरी, सुलतानपूरला न्यायला आला. ते आधीच ठरलेलं होतं. जाताना म्हणाल्या, "आता तुले पुन्याले जा लागन, बाबू."

साहेबांबरोबरची बैठक अकराला होती. मी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून कॉम्प्युटरलाच विचारलं, तुला नेटवर्कची कोणती कार्डं दिसतात? उत्तर आलं, दोन. पहिल्याला केबल नाही. दुसऱ्याला आहे, पण ते वापरात नाही. मग लक्षात आलं. कॉम्प्युटर जुना, चिखलीहून घेतलेला. आधीच्या मालकानं त्यात एक जादा कार्ड बसवलं होतं. ते लागत नव्हतं म्हणून मी सेटिंगमध्ये बंद करून ठेवलं होतं, आणि केबल आता त्याच्याच खाचेत होती. दिवाही खरं सांगत होता आणि पडदाही. केबल वरच्या, नेहमीच्या खाचेत घातली. 'जोडले गेले' अशी अक्षरं आली तेव्हा मी खुर्चीत मागे टेकलो.

बैठक नीट झाली. लगेच वहिनींना फोन केला.

"हाव, हाव," त्या म्हणाल्या. "मले वाईट वाटू नये म्हणून सांगून राह्यला तू." आणि फोन ठेवला. पुन्हा केला तर उचलला नाही.

मग पत्र लिहिलं आणि सुलतानपूरवरून जाणाऱ्या गाडीवर दादाच्या ओळखीचा कंडक्टर होता, त्याच्याजवळ दिलं.

"वहिनी,

फोनवर तुम्ही ऐकत नाही, म्हणून लिहितो आहे. कॉम्प्युटर जळलेला नाही, बिघडलेलाही नाही. मागे दोन सारख्याच खाचा आहेत. केबल खालच्या खाचेत गेली, एवढंच झालं. ते मलाच दुसऱ्या दिवशी कळलं, तुम्हाला कसं कळणार? आता बरोबर खाचेच्या कडेला लाल चिकटपट्टी लावली आहे. साहेबांशी बोलणं झालं. नोकरी आहे आणि घरूनच आहे.

त्या दुपारी समोरच्या किराणावाल्या चाचांचा टीव्ही आणि राउटर दोन्ही जळाले. तुमचं कसं काय वाचलं, असं चाची विचारायला आल्या होत्या. तुम्ही वायरी काढल्याचं मी सांगितलं. 'टूटे पाँव से?' म्हणून कितीतरी वेळ हसत होत्या. तेव्हा यापुढेही आभाळ आलं की वायरी काढाच.

रविवारी दादा न्यायला येतो आहे. तोवर पाय खाली टेकवू नका."