मुलाखतीच्या दिवशीचं माझं मौन

बायांनो, माझ्या तोंडानं आजवर पुष्कळ घोटाळे केले. पण सगळ्यात मोठा घोटाळा झाला तो तोंड बंद ठेवल्यामुळे!

आमची वैशाली जालन्यात समाजशास्त्रात एम.ए. झाली. मग तिनं संशोधनाच्या फेलोशिपसाठी निबंध धाडला. विषय काय, तर ‘घरात बाईला बोलू देतात का?’ निबंध पसंत पडला, मुलाखत तेवढी राहिली. फेलोशिप मिळाली तरच पोरगी पुढं शिकणार, नाहीतर पुस्तकं बांधून नोकरी शोधणार. आता आईनं काय करावं? समाजशास्त्र मला कळत नाही, व्रतं तेवढी कळतात! जांब गावच्या रामरायाला हात जोडले, “देवा, मुलाखत होईस्तोवर मी मौन धरते.”

आमचे हे बियाण्याच्या कंपनीत असतात. त्या दिवशी मुद्दाम सुट्टी काढल्ती. म्हणाले, “तुला जमंल का?”

“न जमायला काय झालं?”

“मंग मी पहारा करतो.”

वैशालीच्या फोनची काच फुटल्ती, म्हणून मुलाखत माझ्या फोनवर, अकराला, व्हिडिओ कॉलनं. आणि पावणेअकराला, पोरगी न्हाणीत असताना, फोन वाजला! नाही उचलला आणि मुलाखतवाल्यांनी नाव कापलं तर? उचलला बाई.

पडद्यावर तिघं. मधे चष्मेवाल्या मॅडम. “नमस्कार! जरा लवकरच लावला, आवाज तपासायला. आपण वैशालीच्या आई ना?”

मी मान हलवली.

“वैशाली कुठे आहे?”

मी डोक्यावर तांब्या ओतल्याची खूण केली. तिघंही एकमेकांकडे बघायला लागले.

“ताई, बोला ना. तुम्हाला बोलायला कुणी मना केलंय का?”

आता तुम्हीच सांगा, देवाला शब्द दिलाय म्हणजे मनाईच ना? मी जोरात मान हलवली आणि देवघराकडं बोट केलं. नेमके त्याच दारातून हे आले!

“अगं, फोन कशाला घेतला? आज तोंड उघडायचं न्हाई, ठाऊक हाय ना?”

मॅडम ताडकन सरळ झाल्या. “आपण कोण?”

“मी? मी मालक हिचा.”

“त्यांना बोलू द्या!”

“न्हाई मॅडम, बिलकुल न्हाई. मुलाखत होईस्तोर एक शब्द न्हाई. तिनं स्वतः कबूल केलंय.”

मला असं हसू फुटलं म्हणता! पण हसण्याचा आवाज झाला तर मौन मोडायचं. मी तोंडात पदर कोंबला. अंग गदगदा हलतंय, डोळ्यांतून पाणी चाललंय.

“ताई, रडू नका! आम्ही आहोत!” मॅडम कळवळल्या. शेजारचे सर तर वहीत भराभरा लिहीतच सुटले.

वैशाली डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली तेव्हा मॅडम तिच्या वडिलांना बायकांचे हक्क समजावत होत्या, आणि हे हात जोडून “बराबर हाय, बराबर हाय” करत होते.

“पप्पा, काय करून राह्यले तुम्ही?”

पोरीनं कपाळावर हात मारला, सगळा खुलासा केला. पलीकडं असे हसले तिघं की चष्मा पुसायला मॅडमना पाच मिनिटं लागली. मुलाखत झाली. पण मला एकच घोर. आपल्यापायी पोरीची फेलोशिप गेली तर?

आठ दिवसांनी मॅडमचा फोन आला, माझ्याच नंबरावर. “ताई, आता बोलता येतं ना?”

झालं! मी मौनाचं कारण सांगितलं. आमचे हे किती गरीब स्वभावाचे ते सांगितलं. माझी सोळा सोमवारांची हकिकत सांगितली, पुरणपोळीचं आवतण दिलं. मॅडम मधे मधे “ताई, मी काय म्हणत होते…” करायच्या, पण मन कसं भरून आलं होतं! अर्ध्या तासानं समाधानानं फोन ठेवला.

वैशाली धावत आली. “आई, काय म्हणाल्या मॅडम? मिळाली का?”

मी गप्प. यावेळी व्रत नव्हतं हो!

तेवढ्यात मॅडमचा मेसेज आला. वैशालीनं मोठ्यानं वाचला, “अभिनंदन, वैशाली! फेलोशिप तुलाच. फोनवर चारदा सांगायचा प्रयत्न केला, पण तुझ्या घरात मला बोलू दिलं नाही.”