बत्तीस व्होल्टचा पंखा

छताच्या पंख्यात मधला दांडा जागचा हलत नाही. फिरतो तो बाहेरचा डबा. शालिकराम मेश्राम पंधरा वर्षं नागपूरच्या इतवारीतल्या एका दुकानात पंखे आणि मोटरी भरत होता. भरणं म्हणजे जळलेली तार कापून काढायची आणि नवी गुंडाळायची. हजारो पंखे त्याच्या हाताखालून गेले, आणि दांडा उभा, डबा फिरता हे त्याला रोजच दिसत होतं. त्याचा उपयोग मात्र १९७४ च्या मार्चमध्ये सुचला. एक पंखा मांडीवर आडवा धरून तो बेअरिंगला ग्रीस लावत होता. डबा बोटाने फिरवला आणि हात थांबला. सायकलच्या चाकाचंही हेच असतं. अॅक्सल फोर्कमध्ये आवळलेला, हब त्याच्याभोवती फिरता. पात्यांच्या जागी स्पोक लावले तर पंखाच चाक होईल. साखळी नको, पट्टा नको.

हे चाक त्याला बहिणीच्या गाडीसाठी हवं होतं.

तारा बावीस वर्षांची. दोन वर्षांची असताना पोलिओने दोन्ही पाय गेले. मॅट्रिक झाली, टायपिंगची परीक्षा पास झाली आणि आदल्या वर्षीच्या जुलैत सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली. नोकरी पक्की व्हायला एक वर्ष होतं. हेडक्लार्कने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की लेट मार्क सर्व्हिस बुकात चढतात, आणि वर्षअखेरीला साहेब तेच पान आधी उघडतात. ताराकडे हाताने चालवायची तीनचाकी होती. इंदोऱ्यातल्या घरापासून कचेरीपर्यंतच्या सपाट रस्त्यावर ती कोणाला पुढे जाऊ देत नसे. पण गड्डीगोदामला रस्ता रेल्वेच्या पुलाखाली उतरतो आणि लगेच वर चढतो. त्या चढावर गाडी मागे यायची.

थंडीभर शालिकरामने ती ढकलली. फाल्गुन लागला, पंखे येऊ लागले, आणि दुकान सकाळी सातला उघडू लागलं. नागपुरात एप्रिल-मे गैरहजर राहणाऱ्या कारागिराला उरलेलं वर्ष कोणी ठेवत नाही. तेव्हा ढकलायला आई जाऊ लागली. रुखमाबाईने तीस वर्षं बिड्या वळल्या होत्या आणि तंबाखूच्या धुळीने तिला दमा जडला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने चढ चढू नका म्हणून सांगितलं होतं.

"डाक्टरचं काय जाते सांगाले," ती म्हणायची. "त्याची पोरगी काय गाडीत बसून हापिसात जाते?"

शालिकरामने त्याआधी एक प्रयोग करून पाहिला होता. जीपचा जुना डायनामो बॅटरीवर मोटरसारखा फिरवून साखळीने चाकाला जोडला. डायनामो किंचाळला, साखळी उडाली, गाडी आडवी झाली. ताराचं कोपर सोललं. गल्लीला महिनाभराची करमणूक झाली.

"शालिक, बहिणीले चांदावर पाठोतं का गा?" शेजारचे बळीराम विचारायचे. ते रेल्वेत खलाशी होते आणि ताराला लहानपणापासून कडेवर घेऊन फिरले होते, म्हणून त्यांना तेवढा हक्क होता.

तेव्हाच शालिकरामने ठरवलं की चाक स्वतःहून फिरल्याशिवाय घरात शब्द काढायचा नाही. ताराला पुन्हा आशा लावायची आणि पुन्हा पाडायचं, हे नको.

पंख्याची गोष्ट त्याने फक्त दुकानमालक मनोहररावांना सांगितली. अडचण अशी होती की दुकानात येणारे सगळे पंखे लाइनवर, म्हणजे घरोघरच्या दोनशे तीस व्होल्टच्या विजेवर चालणारे. बॅटरीवर ते हलतही नाहीत.

"बॅटरीचा पंखा होता ना," मनोहरराव म्हणाले. "लाइन यायच्या आधी मनसरकडं मँगनीजच्या खाणीवर साहेबांचे बंगले होते. तिथं स्वतःचं इंजिन, स्वतःच्या बॅटऱ्या. बत्तीस व्होल्ट. दोन पंखे मी भरले आहेत, तार कशी, ही अशी जाड. आता कोणी ठेवला असेल?"

"पाहून येतो."

"रविवारी जा. हंगाम आहे."

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी तो गेला. खाण केव्हाच बंद पडली होती. बंगल्यावर देवाजी नावाचा म्हातारा चौकीदार होता. त्याने शालिकरामला आधी व्हरांड्यातला टेबलफॅन दाखवला.

"हा चालू करून दे, मंग बोलू."

टेबलफॅन अर्ध्या तासात चालू झाला. देवाजीने त्याच्यासमोर बसून सदरा वर केला, पाठीला वारा घेतला आणि गोदामाची किल्ली दिली. आत चार पंखे होते. तीन उंदरांनी आतून कुरतडलेले, एक धड. बंगल्याच्या दरसालच्या रंगकामात त्याच्यावर चुन्याचे इतके थर बसले होते की पितळी पाटीवरचा एकही आकडा दिसत नव्हता. शालिकरामला पाटीची गरज नव्हती. त्याने झाकण काढून तार पाहिली. देवाजीच्या ट्रॅक्टरवाल्या पुतण्याकडून तीन बॅटऱ्या आणवल्या आणि जोडल्या. डबा हळू, जड फिरू लागला. त्याने दोन्ही हातांनी तो आवळून धरला. थांबेना.

"इतकं काय पाहून राहिला गा त्याच्यात?" देवाजी म्हणाला. "पंखाच हाय."

"पाती नको मले."

"अन् मी काय चाटू ते? घेऊन जाय सगळं."

शालिकरामने तो पंखा दुकानात ठेवला नाही. हंगामात दुकानाच्या उंबऱ्याच्या आत आलेला कोणताही पंखा जळलेलाच धरला जातो आणि दुपारपर्यंत त्याची तार कापली जाते; कोणी विचारत बसत नाही. म्हणून पोत्यात गुंडाळून त्याने तो घरी आणला, खाटेखाली सरकवला आणि आईला म्हणाला, "इथंच राहू दे."

दुसऱ्या दिवशी वैशाख पौर्णिमा होती, कचेऱ्यांना सुट्टी. सकाळी विहारात वंदना झाली आणि तिथूनच शालिकराम बॅटऱ्यांच्या तजविजीला गेला.

मेश्रामांच्या घरी वीज येऊन दोन वर्षं झाली होती. एक दिवा, एक प्लग. पंखा नव्हता. शहरभराचे पंखे फिरवणाऱ्याच्या घरी पंखा नाही, हा रुखमाबाईचा ठेवणीतला टोमणा होता आणि शालिकराम त्याला दर उन्हाळ्यात हसून उत्तर द्यायचा, की पुढच्या साली. विहारातून आल्यावर पांढऱ्या लुगड्याचा पदर खोचून ती झाडायला वाकली आणि खाटेखाली कालचं पोतं लागलं.

"तारा, पाय वं, काय आणलं यानं."

ताराने पोतं उघडलं आणि तिला वाटलं, आपल्याला कळलं. भावाने सणाला मायसाठी पंखा आणला, आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर लावणार. पण माय आत्ता भिंतीला टेकून श्वास मोजत होती. संध्याकाळपर्यंत कशाला थांबायचं? तिने बळीरामांना हाक मारली. बळीरामांनी कडी शोधली, पंखा टांगला, पाती आवळली. विहारातून खीर घेऊन आलेल्या दोन-चार बाया पाहायला थांबल्या. रुखमाबाईला मधोमध खाली बसवलं. मग बळीरामांनी वायरी लाइनच्या प्लगात खोचल्या.

शालिकराम सायकलच्या कॅरिअरला दोन बॅटऱ्या बांधून गल्लीत शिरला तेव्हा त्याला आधी वास आला. जळक्या वार्निशचा. दुकानात तो वास दिवसभर नाकात असतो. घराजवळ कधी आला नव्हता. आत सगळे बसले होते. छताला काळा डाग होता.

"पयलेपासूनच खराब होता वाटते," बळीराम म्हणाले. "खाँऽऽ केलं अन् गेला."

तारा म्हणाली, "मीच लावाले सांगितलं, भाऊ. मायले लई त्रास होऊन रायला होता."

शालिकरामने तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. रुखमाबाई पदराने वारा घेत होती.

"जुनाच होता," तो म्हणाला. "जळणारच होता आज ना उद्या."

"अन् ह्या बॅटऱ्या कशाले?" ताराने विचारलं.

"मनोहररावच्या जीपच्या. चार्जिंगले न्यायच्या हायेत."

पंखा त्याने दुसऱ्या दिवशी दुकानात उघडला. तार जळाली याचं त्याला काही नव्हतं; तार भरणं हा तर त्याचा धंदाच. पण बॅटरीच्या पंख्यात वीज आत नेणारे कार्बनचे तुकडे जिथे घासतात ती तांब्याच्या बारीक पट्ट्यांची रिंग असते. दोन पट्ट्यांच्या मधला अभ्रक फुटला होता आणि पट्ट्या वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. तशी रिंग नागपुरात कोणी करत नव्हतं. त्याला देवाजीच्या गोदामातले उरलेले तीन पंखे आठवले. उंदरांनी तार खाल्ली असेल, तांब्याची रिंग कशी खातील? पुढच्या रविवारी तो पुन्हा मनसरला गेला.

"तू चार दिवस उशीर केला," देवाजी म्हणाला. "गोदाम भंगारात गेलं. कामठीच्या माणसानं गाडी भरून नेली."

कामठीत त्या माणसाने मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं. तिथे बिडाचे तुकडे एका बाजूला होते आणि तांबं पोत्यात. घणाने वेगळं केलेलं. मनोहररावांनी कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याला पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की हा माल वीस वर्षांपासून बनत नाही.

"घरी सांगितलंस?" मनोहररावांनी विचारलं.

"नाही. तुम्हीबी कोणाले सांगू नका. ताराले समजलं तर..." मनोहररावांनी मान हलवली आणि पत्र फाडलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अजून ऊन तसंच होतं. ताराची नोकरी पक्की व्हायला तीन आठवडे उरले होते आणि सर्व्हिस बुकात एकही लेट मार्क नव्हता. बुधवारी पुलाखालचा चढ अर्धा झाला असताना रुखमाबाई थांबली. तिने गाडीच्या मागच्या चाकाला दगड लावला.

"बसतो मी जराशी," ती म्हणाली. "तू जाय. लेट होईन तुले."

"थांबतो ना मी, माय," तारा म्हणाली.

"थांबून काय करतं? तू काय मले उचलणार हायेस? जाय."

दोन कॉलेजचे विद्यार्थी सायकलवरून चालले होते. रुखमाबाईनेच त्यांना हाक मारली, गाडी वर नेऊन द्यायला सांगितली. ताराने वर पोचल्यावर वळून पाहिलं. आई कडेच्या कठड्यावर बसली होती आणि हाताने जा म्हणत होती. दहा वाजून वीस मिनिटांनी, वेळेच्या आत, ताराने हजेरीपटावर सही केली. एक वाजता बळीराम कचेरीच्या दारात उभे राहिले. पुलाजवळच्या पानठेल्यावाल्याने रुखमाबाईला रिक्षात घातलं होतं, पण दवाखाना येईपर्यंत ती राहिली नाही.

जुलैत ताराला पक्कं केल्याचं पत्र मिळालं. शालिकरामने मनोहररावांना सांगितलं, की आता आपण अकराच्या आधी येऊ शकणार नाही, हंगामातसुद्धा. मनोहररावांनी त्याला काढलं नाही. पण मुख्य कारागिराची बैठक दुसऱ्याला गेली आणि शालिकराम दाराजवळ बसून नगावर काम करू लागला. लग्नाचं एक-दोनदा निघालं, मागे पडलं. मोटरचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. बॅटरीचे पंखे कुठे मिळतात हे कोणी सांगायला लागलं, तरी तो ऐकून घ्यायचा नाही.

रोज सकाळी तो तारासोबत निघायचा. सपाटीवर ती पुढे, तो मागे सायकलवर. पुलाखाली उतरायच्या आधी तो सायकल पानठेल्याला लावायचा, गाडी वर ढकलायचा आणि परत खाली यायचा. पाच वर्षं गेली. बोलणं फारसं व्हायचं नाही, कारण चढावर त्याला दम लागू लागला होता.

एकदा चढ अर्धा झाला असताना ताराने मागे न पाहता विचारलं, "भाऊ, तू ते मोटर लावाचं काहून सोडलं गा? तेव्हा तं लई मागं लागला होता."

तो चार पावलं ढकलत राहिला.

"भेटली नाही," तो म्हणाला.

"कुठंच?"

"कुठंच नाही."

"एखादी तरी भेटाले पाहिजे होती," तारा म्हणाली. "माय राहिली असती."

"हो," शालिकराम म्हणाला, आणि गाडी वरपर्यंत नेऊन सोडली.