मेहुण्यांचं जेवण

तिला गावात सगळे ब्रेकबाई म्हणत. तोंडावर अर्थातच कुणी म्हणत नसे, तोंडावर ती 'मॅडम'. गाडी चालवायला शिकवणं हा तिचा धंदा. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, त्यावरून हे नाव पडलेलं. बाकीचे शिकवणारे तो ब्रेक अडीअडचणीला वापरतात, हिचा पाय मात्र कायम तिथेच मुक्कामाला. समोर कुत्रं दिसलं की ब्रेक. कुत्रं बांधलेलं असलं तरी ब्रेक. शिकणारा 'आता दाबावा' असं मनात म्हणेपर्यंत गाडी उभीही राहिलेली असे. तिच्या हाताखाली कधी कुणाच्या गाडीला ओरखडा उठला नाही, हे कबूल करायला हवं. पण परीक्षेच्या दिवशी शेजारी परीक्षक येऊन बसला की तिचे विद्यार्थी भांबावून जात, कारण गाडी आपोआप थांबत नाही हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळे.

घरीही तेच. नवऱ्याला शिंक यायच्या आत रुमाल पुढे. चहा द्यायचा तो फुंकर मारून. "अगं, जीभ माझी आहे, थोडी भाजू दे की," असं तो म्हणे आणि कोमट चहा पिऊन टाके. तो शिलाई मशीन दुरुस्त करायचा. राहत्या खोल्यांच्या खालीच त्याचं दुकान होतं. भिंतीला टांगलेले पट्टे, डब्याडब्यांतून स्क्रू, आणि मधोमध पोट उघडून ठेवलेलं एखादं मशीन. माणूस कमी बोलणारा, पण बोलला की चिमटा काढल्याशिवाय राहायचा नाही. दोघांना मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख करून झालं होतं आणि आता त्या जागी रोजची भांडणं सुखाने नांदत होती.

अशा या घरात एक दिवस तिचा धाकटा भाऊ पिंजरा घेऊन आला. त्याला परदेशात नोकरी लागली होती आणि त्याचा गिनी पिग सोबत नेता येणार नव्हता. "ताई, थोडे दिवस सांभाळ," म्हणाला आणि गेला तो गेलाच. पिंजऱ्यात शेंगदाण्याच्या रंगाचा, बिनशेपटीचा, पावाएवढा एक जीव मिशा हलवत बसला होता. नवऱ्याने वाकून पाहिलं.

"भाऊ गेला आणि आपल्या जागी याला ठेवून गेला," तो म्हणाला. "म्हणजे नात्याने हा माझा मेहुणाच की."

तेव्हापासून तो प्राणी मेहुणा झाला, आणि मेहुणा म्हटल्यावर मान राखावाच लागतो, म्हणून लवकरच 'मेहुणे' झाला. मेहुणे स्वभावाने मोकळे. फ्रिजचं दार उघडलं की शिट्ट्या मारून घर डोक्यावर घेत. ढोबळी मिरचीवर त्यांचा फार जीव. खुशीत आले की जागच्या जागी चारी पाय उचलून टुणकन उडी मारत आणि मग आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून बसत. वर्षभरात ब्रेकबाईला त्यांच्याशिवाय घर सुचेनासं झालं. नवऱ्यालाही झालं, पण त्याने ते तोंडातून काढलं नाही.

तब्येत म्हणाल तर रोजचं एक नवं प्रकरण. कधी डोळा चिकटला, कधी तळपायाला फोड, कधी लघवीत खडा. या सगळ्यातून मेहुणे तरले. त्यांना खरं छळलं ते दातांनी. गिनी पिगचे दात जन्मभर वाढतात आणि दिवसभर गवत चावून ते झिजवावे लागतात. मेहुण्यांच्या दाढा वाकड्या वाढत, त्यांची टोकं जिभेला टोचत, की खाणं बंद. मग डॉक्टर भूल देऊन दाढा घासून देई. तिथून पुढे मेहुणे आपले आपण खायला लागेपर्यंत गवताच्या भुकटीची पातळ लापशी करायची आणि बिनसुईच्या सिरिंजने थोडी थोडी तोंडात सोडायची. गेल्या काही वर्षांत हे सगळं इतक्यांदा झालं होतं की दवाखान्यातल्या खुर्च्याही दोघांना ओळखू लागल्या असतील.

या खेपेला दाढा घासून झाल्यावर मात्र डॉक्टरचा चेहरा नेहमीसारखा हसरा नव्हता. मुलगी तरुण होती, पण बोलायची स्पष्ट.

"काकू, वय झालंय आता याचं. पुढच्या वेळी भूल सोसेल असं मला वाटत नाही. याने स्वतः गवत चावायला हवं. चावलं तर दात झिजतील आणि पुन्हा टेबलावर घ्यायची वेळ येणार नाही."

"आणि नाही चावलं तर?"

डॉक्टरने मेहुण्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणजे सगळं येऊन ठेपलं ते गवताच्या एका काडीवर.

ब्रेकबाई कंबर कसून कामाला लागली. मेहुण्यांची टोपली गाडीच्या मागच्या सीटवर गेली. थर्मासमध्ये कोमट पाणी, खणात लापशीची पुडी, खांद्यावर टॉवेल. दर दोन शिकवण्यांच्या मध्ये जेवण, आणि वेळ साधली नाही तर शिकवणीच्या मध्येच.

"मॅडम, इथून डावीकडे वळू?"

"थांबा जरा, गिळतोय."

विद्यार्थ्यांनाही सवय झाली. एका कारकुनाने तर गिअर बदलण्याआधी टॉवेल धरायला शिकून घेतलं. गाडीभर ओल्या गवताचा वास, आणि मेहुणे मांडीवर बसून मिटक्या मारत. वजन टिकलं, डोळ्यांत पाणीदार चमक आली, अंगावर केस कसे मऊ. फक्त गवताकडे ते ढुंकून बघेनात. पुढ्यात ताज्या वासाचा हिरवागार ढीग पडलेला असे आणि मेहुणे त्याच्याकडे पाठ करून सिरिंजची वाट बघत असत.

डॉक्टरने तोंडात बघितलं. दात उत्तम, जीभ बरी. मग तिने पोटावरून बोटं फिरवली आणि चष्म्यावरून ब्रेकबाईकडे पाहिलं.

"काकू, याला भूक लागते तरी कधी?"

"लागूच देत नाही हो मी," ब्रेकबाई अभिमानाने म्हणाली.

"तेच म्हणते मी. पोट कायम तट्ट. कशाला चावेल तो? उद्यापासून निम्मं करा. रोज वजन बघा, फार उतरलं तर लगेच या. पण निम्मं म्हणजे निम्मं."

निम्मं करायचं ठरलं. घरी ती नवऱ्यादेखत मोजून निम्मी लापशी करी, आणि नवराही मान डोलवून 'बरोबर' म्हणे. पण दुपारी गाडीत मेहुणे मान वर करून तिच्याकडे बघत आणि बारीक शिट्टी वाजवत, तेव्हा तिला राहवत नसे. एवढीशी, जिभेला चव म्हणून, असं म्हणत ती सिरिंज काढी. एवढीशी म्हणता म्हणता ती भरे. गवत बघायला हवं होतं तिने, ती मेहुण्यांचे डोळे बघत बसली.

आठवड्याने दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरने मेहुण्यांना काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला, काटा पुसून पुन्हा ठेवलं.

"वाढलंय वजन," ती म्हणाली. "गवत खाल्लं का?"

"काडी नाही."

"निम्म्या जेवणावर वजन वाढलं? हवा खाऊन?"

नवरा भिंतीवरचा कुत्र्यांच्या जातींचा तक्ता फार आवडीने वाचू लागला. ब्रेकबाईने चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी फक्त दुपारी—"

"मी फक्त चारच्या सुमाराला—"

दोघं एकदमच बोलले आणि एकदमच थांबले. शिकवण्या लांबल्या की ती टोपली दुकानात ठेवून जाई. तेव्हा हा गृहस्थ मशीन बाजूला सारून मेहुण्यांची पंगत मांडत होता! दुकानाच्या खणात त्याने लापशीची स्वतःची पुडी ठेवली होती. ब्रेकबाईला भयंकर राग आला, पण रागवायला तोंड कुठे होतं?

डॉक्टरने हात पुढे केला. "द्या."

ब्रेकबाईने पर्समधून सिरिंज काढून तिच्या हातावर ठेवली. नवऱ्याने शर्टाच्या खिशातून, स्क्रू-ड्रायव्हरच्या शेजारून, दुसरी काढली.

"आता जेवण इथेच, सकाळ-संध्याकाळ, माझ्या हाताने," डॉक्टर म्हणाली. "मधल्या वेळात फक्त गवत. तुम्ही दोघांनी काहीही करायचं नाही. जमेल?"

दोघं टोपली घेऊन घरी निघाले.

"तुम्हीसुद्धा?" वाटेत ती म्हणाली.

"तू निम्मं केलंस. मला वाटलं, उपाशी राहतोय."

"मला वाटलं, निदान तुम्ही तरी डॉक्टरांचं ऐकाल."

त्यावर दोघांना हसू फुटलं. हसता हसता ब्रेकबाई रडायला लागली. "माझ्यामुळे गेला तर हो तो?"

"आपल्यामुळे म्हण," नवरा म्हणाला. "निम्मा वाटा माझा आहे. तो तू नाही घ्यायचास."

पुढचे दिवस कठीण गेले. मेहुणे शिट्ट्या मारत, मग थकून गप्प बसत. गवत होतं तिथेच होतं. वजन उतरू लागलं. डॉक्टर म्हणाली, अजून एक दिवस बघू, नाहीतर पुन्हा तोंडात आतपर्यंत बघावं लागेल, आणि त्यासाठी भूल. ब्रेकबाईच्या घशाखाली घास उतरेना. नवऱ्याने मेहुण्यांना दुकानात ठेवून घ्यायला साफ नकार दिला. "माझ्या हाताचा भरवसा नाही. काहीच नसलं तर मी माझ्या ताटातलं भरवीन," म्हणाला.

म्हणून त्या दुपारी मेहुणे पुन्हा गाडीत, मागच्या सीटवर, टोपलीत गवत भरून आणि तिला पट्टा बांधून. स्टिअरिंगवर मास्तरीणबाई होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई गाडीच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाल्या होत्या, पण आयुष्यभर दुसऱ्यांना नापास केलेलं असल्यामुळे त्याचं त्यांना काही वाटत नसे. गाडी सुरू झाल्यापासून ब्रेकबाई मागे वळून बसली होती. एक चौक गेला, दुसरा गेला. मास्तरीणबाईंनी सिग्नलला गाडी थांबवली, पुन्हा उचलली, बंद पडू दिली नाही, आणि हा पराक्रम बघायला शेजारचं माणूस असून नसल्यासारखं.

"खातोय का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. माझ्याकडे बघतोय नुसता."

"बघणारच. तुम्ही बघताय ना त्याच्याकडे. त्याला वाटत असेल, आता निघेल पिचकारी." त्यांनी हॉर्न दिला, एका सायकलवाल्याला जाऊ दिलं. "खरं सांगू? तुम्ही माझ्या पायांकडे बघत बसता ना, तेव्हा मलाही क्लच सुचत नाही. तोंड पुढे करून बसा बघू."

दुसरं कुणी असं बोललं असतं तर ब्रेकबाईने त्याला भर रस्त्यात उतरवलं असतं. पण आवाज वर्गातला होता, आणि त्या आवाजाला भलेभले सरळ बसतात. ती पुढे तोंड करून बसली, हात मांडीवर घेऊन. टायरचं दुकान गेलं, बसथांबा गेला, शाळेची भिंत गेली. मागे वळायचं नाही, एवढं एकच ती मनाला बजावत होती. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटत असताना काहीही न करणं तिला जन्मात कधी जमलं नव्हतं.

मग कुठूनतरी आवाज आला. करकर, करकर.

"बाई, गाडी वाजतेय का?"

"मी काही केलेलं नाही हं," मास्तरीणबाई घाईने म्हणाल्या.

आवाज थांबला. काडी ओढल्याची सळसळ झाली आणि पुन्हा सुरू झाला, आता जोरात, भरभर, उपाशी माणूस पापडावर तुटून पडावा तसा.

"अगोबाई," मास्तरीणबाई म्हणाल्या. "थांबवू का गाडी?"

"नको! थांबू नका. जात राहा."

"अहो, पण कुठे?"

"कुठेही जा हो!" ब्रेकबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती समोर बघत होती. मास्तरीणबाईंनी गिअर बदलला आणि गाडी परतीचं वळण सोडून सरळ पुढे निघाली.

तेवढ्यात फोन वाजला. दुपारपासून नवऱ्याचा हा कितवातरी फोन होता. "काय गं? काही हालचाल?" तिने फोन स्पीकरवर टाकला, मान न वळवता हात खांद्यावरून मागे नेला आणि फोन टोपलीच्या दिशेने धरून ठेवला. हात दुखायला लागला तरी खाली घेतला नाही. पलीकडे दुकानात एक मशीन चालू होतं, ते बंद झालं. मग फोनमधून नवऱ्याचा आवाज आला, मोठा आणि जरासा चिरका:

"मेहुणे, सावकाश हो. कुणी हिसकावून घेत नाहीये."