गाण्यामागचं सूं सूं
शिलाईच्या मशीनला तेल घालायला घेतलं की त्या वासानं मला भवानी पेठेतली आमची खोली आठवते, आणि आमच्या यांनी गिरणीतल्या मुकादमाकडून आणलेला तबकड्या वाजवायचा जुना फोनो, कारण त्यालाही मी हेच तेल घालायचे. त्या दिवशी गिरणीला सुट्टी होती. पत्रा तापला होता, आणि आठवडाभर कापड विणायच्या साच्यांच्या खडखडाटात उभं राहून आंबलेले पाय पसरून हे फोनोपुढे बसले होते. "गाण्यामागं सूं सूं येतंय की गं," हे म्हणाले. येत होतं खरंच. मी तबकडी फडक्यानं पुसली, चावी पुन्हा दिली, आणि सुई बघते तर यांच्याच सदऱ्यावरचं कापसाचं तूस तिला गुंडाळलेलं. ते काढलं तसं गाणं नितळ वाजायला लागलं. पण यांच्या कपाळावरची आठी काही जाईना. "आजून येतंय की." मी सुई बदलली, कर्ण्यात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला. "न्हाय गेलं." शेवटी वैतागून मी सुई उचलली आणि तबकडी हातानं थांबवली. गल्लीतली एक कोंबडी तेवढी कुरकुरत होती. "आता?" मी विचारलं. हे थांबलेल्या तबकडीकडे बघत राहिले. "येतंय की," हळूच म्हणाले. दुसऱ्या दिवशी गिरणीचा भोंगा झाला आणि मी भाकरी बांधून दिली. मी दुसरं काय करणार होते? आता हे नाहीत. फोनो आहे, पण मी तो लावत नाही. कधीतरी त्या बंद फोनोपुढे नुसती कान देऊन बसते, आणि यांना जे ऐकू यायचं ते मला अजून ऐकू येत नाही.