पांदणीतून गेलेली गाडी

गाडी घ्यायची ठरली तेव्हा आमच्यापुढे दोन अडचणी होत्या. एक म्हणजे सासूबाईंचे गुडघे आणि दुसरी आमच्या गावची वाट.

मी आदिलाबादच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. घर शहराला लागूनच, मावल्यात. नवरा पाटबंधारे खात्यात आहे. त्याला लहानपणापासून फिट येतात, त्यामुळे गाडी चालवायचं काम लग्नापासून माझ्याकडेच. सासरे गेल्यावर सासूबाई गाव सोडून आमच्याजवळ राहायला आल्या. गाव जैनथच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडे. डांबरी सडक संपली की गावापर्यंत नुसती काळ्या मातीची पांदण, दोन्हीकडे कपाशीची पऱ्हाटी. उन्हाळ्यात धुरळा उडतो आणि पावसाळ्यात पाय उचलला तर चप्पल खालीच राहते. गावात घर होतं, शेत होतं, चुलत दीर ते कसत होता, आणि सासूबाईंना महिन्या-दोन महिन्यांनी तिथं गेल्याशिवाय करमत नसे.

आमची जुनी गाडी त्या पांदणीत दोनदा रुतली. मग ज्याला त्याला वाटायचं की आम्ही उंच, जीपसारखी गाडी घ्यावी. तशी एक बघायला आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो. त्यांचा पाय पायरीपर्यंत उचलेना. दुकानातल्या माणसानं एका दंडाला धरलं, मी दुसऱ्या. कशाबशा वर बसल्या, लगेच उतरल्या आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "बैल ट्रॉलीत चढवते तसं चढवून राह्यले मले." त्यानंतर त्या विषयावर बोलायला त्या तयार नव्हत्या.

पुढं एका सहकारी बाईंच्या ओळखीतून हैदराबादच्या एका डॉक्टरांची गाडी कळली. ते परदेशी निघाले होते. गाडी हॅचबॅक होती, साध्या कारसारखी बसकी, मागचं दार वर उघडणारी. पण इंजिनाचा जोर चारही चाकांना जाणारा. पुढचं चाक घसरलं तर मागचं गाडीला ढकलतं, असं त्यांनी मला जमिनीवर काडीनं चित्र काढून समजावलं. मागच्या सीटा आडव्या करून दाखवल्या. सीटांना मऊ कातडं होतं. बायकोबरोबर फिरायला म्हणून हौसेनं घेतली होती, म्हणाले, पण रोजच्या दवाखान्यालाही हीच नेली. आम्ही ती घेऊन आलो. सासूबाईंनी दार उघडलं, आधी बसल्या, मग एकेक पाय आत घेतला. कुणी हात धरावा लागला नाही. सीटवरून हात फिरवत म्हणाल्या, "ही जमते."

आठवडाभर ती कॉलेजला, भाजीला, गॅसच्या सिलिंडरला जायची. रविवारी आम्ही तिघं निघायचो. पुढं सासूबाई, मागं नवरा. गुडीहत्नूरला चहा घ्यायचा आणि तिथून डावीकडं इंद्रवेल्लीच्या रस्त्याला लागायचं. इंद्रवेल्लीला पोलिसांच्या गोळीबारात गेलेल्या गोंडांचा स्तंभ दिसला की त्या बसल्या जागी हात जोडायच्या. गाव मागं पडेपर्यंत हात तसेच असायचे. पुढं उटनूरचा घाट, सागाचं जंगल. कुंतालाच्या धबधब्याला पायऱ्या फार, म्हणून त्या वरच थांबल्या. गाडीचं दार उघडं ठेवून पाण्याचा आवाज ऐकत बसल्या. आम्ही खाली जाऊन आलो तरी तशाच बसलेल्या.

"इतक्या जवळ होतं हे," त्या परतीच्या वाटेवर म्हणाल्या. "आमी जलमभर वावराच्या धुऱ्याच्या पलीकडं पाह्यलंच नाई."

त्या आवाजात तक्रार नव्हती. पण मला पुढचा रस्ता नीट दिसेना, म्हणून मी गाडीचा वेग कमी केला.

असे तीन पावसाळे गेले. पांदणीतून जाताना सासूबाई खिडकीच्या वरची मूठ घट्ट धरून बसायच्या आणि गावात शिरलो की फक्त "आलो बाई" म्हणायच्या. कुठे उताराला पाणी साचतं, कुठल्या चाकोरीत गाडीचं पोट घासतं, नाल्याच्या अलीकडं कुठून वळायचं, हे मला त्या फेऱ्यांनी शिकवलं.

गेल्या श्रावणात त्यांना ताप भरला. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला. दवाखान्यात मीच नेलं. त्या स्वतः गाडीत बसल्या, स्वतः उतरल्या. मग मात्र पलंगावरून उठल्या नाहीत. नवरा आणि मी आळीपाळीनं बसायचो. एके दिवशी सकाळी, त्याच्या पाळीला, त्या गेल्या. मी डबा घेऊन पोचले तेव्हा तो पलंगाजवळ उभा होता आणि नर्स सलाइनची नळी गुंडाळत होती.

त्यांनी पूर्वीच सांगून ठेवलं होतं की आपल्याला शेतात, सासऱ्यांना अग्नी दिला त्या जागेजवळच अग्नी द्यायचा. त्याबद्दल दुमत नव्हतं. पण नणंद नदीपलीकडं, पांढरकवड्याला. पैनगंगेला पूर आला होता आणि पुलावरची वाहतूक पोलिसांनी थांबवली होती. नवऱ्यानं फोन केला. ती पुष्कळ वेळ नुसतीच रडत होती. मग म्हणाली, "माह्यासाठी ठेवू नका. पाणी कवा उतरन, काय नेम. घेऊन जा आईले."

दवाखान्यातून शववाहिका मिळाली. नवरा तिच्यात बसला. मी मागून आमची गाडी घेऊन निघाले, कारण परत यायला काहीतरी हवं होतं. मनात दुसरं काही नव्हतं. जैनथपर्यंत पाऊस सारखा लागलेला. डांबरी सडक संपली तिथं शववाहिका थांबली. गावातली दहा-पंधरा माणसं छत्र्या आणि पोती डोक्यावर घेऊन उभी होती.

ड्रायव्हरनं खाली उतरून पांदण पाहिली आणि हिंदीत सांगितलं की पुढं येणार नाही, रुतली तर काढणार कोण. त्याचं चूक नव्हतं. चुलत दिरानं ट्रॅक्टर आणायचं ठरवलं होतं, पण ट्रॅक्टर नाल्यातच रुतून बसला होता. ट्रॉलीसह आडवा. त्याच्या बाजूनं बैलगाडीही निघेना. खांद्यावर न्यावं तर नाल्याची दरड निसरडी, आणि पाऊस वाढत चाललेला. माणसं हळूहळू बोलत होती. नवरा आईच्या पायाशी बसून होता. कुणी काही विचारलं की तो फक्त मान हलवायचा.

ट्रॅक्टरच्या बाजूनं गाडी निघेल इतकी जागा आहे का, हे मी दिराला विचारलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग गाडीकडं.

"निघन," तो म्हणाला. "पण वहिनी, तुमी?"

मी मागचं दार उघडलं. आतली छत्री, पाण्याची बाटली, भाजीच्या पिशव्या काढून पुढं टाकल्या. सीटा आडव्या केल्या. फक्त एका बाजूची सीट नवऱ्याला बसायला उभीच ठेवली. पुढची, सासूबाईंची, पार मागं रेलवली. मग इकडच्या कोपऱ्यापासून तिकडच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी जागा झाली. त्या काही उंच नव्हत्या. सतरंजी अंथरत होते तेव्हा सासऱ्यांचे धाकटे भाऊ पुढं आले. गावात आता तेच वडीलधारे. घरच्या गाडीत मयत नेत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. उद्या त्या गाडीत लेकरंबाळं बसतील, लोक काय म्हणतील. ते रागानं बोलत नव्हते, त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

मी म्हटलं, "काकाजी, आई याच गाडीत बसत होत्या. आजही त्याच बसणार आहेत."

काकाजींनी छत्री मिटली, बाजूला ठेवली आणि उचलायला स्वतः पुढं झाले.

नवरा आईच्या खांद्यावर हात ठेवून मागं बसला. मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली आणि पांदणीत उतरवली. चाकोऱ्या पाण्यानं भरलेल्या होत्या, म्हणून मधल्या उंचवट्यावर एका बाजूची चाकं आणि पऱ्हाटीच्या कडेला दुसरी, अशी नेली. मागचा भाग एकदा डावीकडं गेला. मी पाय उचलला नाही. चाकांनी माती धरली, सोडली, परत धरली. पत्र्याखाली चिखलाचे गोळे आपटल्याचा आवाज येत होता. माणसं दोन्ही बाजूंनी चालत होती, कुणी ढकलायला हात लावत होतं, पण ढकलायची वेळ आली नाही. नाल्यात ट्रॅक्टरजवळ आले तेव्हा दीर पुढं उलट्या पावलांनी चालत हातानं दाखवत होता. एका जागी गाडी थांबल्यासारखी झाली. मागून नवऱ्याचा आवाज आला, दवाखाना सोडल्यापासूनचा पहिला. "सावकाश," तो म्हणाला, आणि ते मला उद्देशून होतं की आईला, हे मला आजही सांगता येणार नाही. गाडी थरथरली आणि पलीकडं चढली.

गावात शिरल्यावर बायका दारात उभ्या होत्या. मी इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवरून निघेनात. एका जावेनं दार उघडून मला खाली उतरवलं. पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. आम्ही बायकांनी आंघोळ घातली, हिरवं लुगडं नको म्हणून पांढरं नेसवलं. पाऊस थोडा थांबला तेव्हा पुरुष त्यांना शेतात घेऊन गेले. मी ओसरीवर बसून राहिले. शेताकडून धूर दिसला तेव्हा जावेनं माझ्या हातात चहाचा कप दिला, आणि मला पहिल्यांदा रडू आलं.

नवऱ्याला ती गाडी नकोशी झाली. तो तसं दुसऱ्याच दिवशी म्हणाला. काकाजींना वाटत होतं त्या कारणानं नाही. आपल्याला मागं वळून बघवणार नाही, इतकंच त्यानं सांगितलं. मी वाद घातला नाही. घरी गेलो की गिऱ्हाईक बघू म्हटलं.

राख सावडायच्या दिवशी पूर ओसरला आणि नणंद आली. सडकेपर्यंत बसनं, पुढं चिखलातून चालत, लुगडं गुडघ्यापर्यंत माखलेलं. ती घरात आलीच नाही. अंगणात गाडी उभी होती, तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिला कुणीतरी फोनवर सगळं सांगितलं असावं.

"यातच आणलं आईले?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

"मले बसू दे थोडं."

मी दार उघडून दिलं. सीटा अजून आडव्याच होत्या, सतरंजीही तशीच. ती आत गेली आणि आई होती त्या जागी पाय दुमडून बसली. मी पुढं बसले. काचेवर चिखलाचे शिंतोडे वाळले होते.

मग तिनं विचारलं की आई शेवटी काय बोलली. तिला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. लेकीचं नाव घेतलं, आशीर्वाद दिला, असं काहीतरी. पण तसं झालं नव्हतं. त्या गेल्या त्याच्या आदल्या दुपारी मी आत गेले तेव्हा सासूबाईंनी डोळे उघडून एवढंच विचारलं होतं, "सूनबाई, गाडी सावलीत लावली का?" मी लावली म्हटलं, आणि त्यांनी डोळे मिटले. संध्याकाळपासून नवऱ्याची पाळी होती. त्याच्याशी त्या बोलल्याच नाहीत.

मी तेच सांगितलं, जसं होतं तसं.

नणंदेनं तोंडाला पदर लावला. ती रडते की हसते ते मला कळेना, आणि मग कळलं, दोन्ही होतं. "अशीच होती ते," ती म्हणाली. नवरा ओसरीवरून आमच्याकडं बघत होता. तिनं त्याला हाक मारून बोलावलं. तो आला, दाराशी घुटमळला.

"विकून राह्यला म्हणे?" तिनं विचारलं. "नको विकू. आई नाई आता. मले माहेरी आणाले कोन येईल मंग?"

वाकून त्यानं बहिणीच्या चिखलानं भरलेल्या चपला उचलल्या, एकीवर एक आपटून माती झाडली आणि ओसरीच्या कडेला नीट ठेवल्या. विकण्याबद्दल पुन्हा कधी बोलला नाही.

दिवाळीला आम्ही दोघं तिला आणायला पांढरकवड्याला गेलो. जाताना तो पुढं, आईच्या जागी बसला.