पुरवणीबाई

कचेरीत तिला सगळे पुरवणीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

अपंग माणसांना घरी येऊन आंघोळ घालणं, उठवणं-बसवणं, भरवणं, बाहेर नेणं अशी मदत ज्या संस्था पुरवत, त्यांचं काम नीट चाललंय का ते पाहायचं आणि माणसागणिक एक अहवाल लिहायचा, ही तिची नोकरी. त्यासाठी छापील फॉर्म होता. चार पानं, बेचाळीस चौकोन. बाकीचे तपासनीस चौकोनांत खुणा करून मोकळे होत. ही बाई मात्र फॉर्मला स्वतःचे कागद जोडायची, कधी तीन तर कधी सात. परीक्षेत हुशार पोरं पुरवण्या जोडतात तशी.

आधी ती त्याच कचेरीत टायपिस्ट होती. अकरा वर्षं तिने दुसऱ्यांचे अहवाल टाइप केले. एक दिवस ती उठून साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"साहेब, आज चौदा अहवाल टाइप केले. चौदाच्या चौदा माणसं 'समाधानी व आनंदी' आहेत. आमच्या घरात तिघं आहोत, तिघं एकाच दिवशी आनंदी असल्याचं मला तरी आठवत नाही."

साहेब वैतागले. "मग तुम्हीच जा आणि लिहा!"

ती खरंच गेली. रीतसर परीक्षा दिली, पास झाली आणि चाळिशी उलटल्यावर खांद्याला पिशवी अडकवून घरोघर फिरू लागली. तिने स्वतःला दोन नियम घालून घेतले होते. बोलायचं ते ज्याचा अहवाल आहे त्याच्याशी. आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका अंध कारागिराकडे 'नीटनेटकेपणा' या चौकोनात सालोसाल 'उत्तम' पडत आलं होतं. तिने लिहिलं, "मदतनीस फार नीटनेटका आहे, आणि हीच तक्रार आहे. तो रोज टेबल आवरतो, मग यांना रोज अर्धा तास चिमटा शोधावा लागतो." महिन्याभरात टेबल पुन्हा कारागिराच्या मनासारखं पसाऱ्याचं झालं.

बेबीताईंचं घर तिला नवं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ती तिथे एकदा येऊन गेली होती. बेबीताई एक्केचाळीस वर्षांच्या. जन्मापासून हातपाय आखडलेले, व्हीलचेअरशिवाय हलणं नाही, आणि बोलणं असं की एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा लागे. दादा-वहिनींकडे राहायच्या. एक मदतनीस सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास यायची.

"तिच्या येण्यावर घड्याळ लावून घ्यावं, अशी वेळेची पक्की," वहिनी सांगू लागल्या. "हात हलका, बोलणं गोड. नाव ठेवायला जागा नाही!"

तिने ते लिहून घेतलं. मग आपली खुर्ची वळवून बेबीताईंच्या समोर आणली.

"तुम्हाला काय म्हणू?"

"अहो, बेबी म्हणा," वहिनीच म्हणाल्या. "सगळे बेबीच म्हणतात."

ती बेबीताईंकडे पाहत थांबली.

"बेबी... चालेल," बेबीताई म्हणाल्या. "पण... अहो... बेबी."

वहिनींना हसू आवरेना. ती मात्र गंभीरपणे म्हणाली, "बरं. अहो बेबीताई, कालचा दिवस सांगा. अगदी उठल्यापासून."

बेबीताई सांगू लागल्या. त्यांनी एक शब्द काढला की वहिनी पुढचे चार जोडायच्या. शेवटी ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही बसा आमच्यात, पण यांचं वाक्य यांनाच संपवू द्या. मला घाई नाही." वहिनी जरा हिरमुसल्या, पण गप्प बसल्या. दुपारपर्यंतचा दिवस सांगून व्हायला पाऊण तास गेला. मग बेबीताई म्हणाल्या, "सहाला... झोपले."

"काल बरं नव्हतं का?"

"रोज."

तिने पेन खाली ठेवलं. हळूहळू सगळा उलगडा झाला. मदतनीसची पाळी साडेसहाला संपायची. बेबीताईंना खुर्चीतून पलंगावर घेणं दादांच्या दुखऱ्या पाठीला झेपायचं नाही, वहिनी तर काडीसारख्या. म्हणून मदतनीस सहाला त्यांचे कपडे बदलायची, पलंगावर निजवायची आणि जायची. नऊ वर्षं हेच चालू होतं. धडधाकट मनाची एक बाई दिवसाउजेडी अंथरुणात.

"बाहेरून... हसायचा... आवाज येतो," बेबीताई म्हणाल्या. "कशाला... हसलात... ते सकाळी... विचारते. तोवर... हे... विसरलेले असतात."

वहिनींचा चेहरा पडला. "अगं, मग कधी बोलली का नाहीस?"

"विचारलं... नाही." मग त्यांनी मान वळवून थेट तिच्याकडे पाहिलं. "मागच्या वेळी... तुम्हीपण... नाही."

त्या दिवशी कचेरीत परतल्यावर तिने जुना अहवाल काढला. तिचंच अक्षर. 'सेवा वेळेवर. समाधानी.' पुरवणी एकही नाही. तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी तिला आणखी दोन घरं करायची होती, हे तिला लख्ख आठवलं.

मग तिने सात पानं लिहिली आणि दुसऱ्या दिवशी बेबीताईंना वाचून दाखवली.

"'दुर्दैवाने'... काढा," बेबीताई म्हणाल्या.

तिने काढलं.

"'सहनशील' ठेवू?"

"मी... सहनशील नाही. मी... चिडलेय."

तेव्हा अहवालात गेलं, "बेबीताई चिडलेल्या आहेत." आणि शेवटी तिने स्वतःहून एक ओळ घातली, "मागच्या अहवालात ही गोष्ट आली नाही, ती चूक माझी."

साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "बाई, आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायची हौस आहे का? गाळा हे."

"ही गाळली तर बाकीच्या ओळींवर कोण विश्वास ठेवील?"

"आणि हा गुणवत्तेचा प्रश्नच नाही. वेळापत्रकाचा आहे."

"साहेब, तुम्ही किती वाजता झोपता?"

साहेबांनी पेन उचललं आणि सही केली.

संस्थेने दोन महिने टोलवाटोलवी केली. शेवटी बैठक ठरली, आणि पुरवणीबाईने हट्टाने बेबीताईंनाही बोलावलं. त्या बोलत असताना संस्थेच्या व्यवस्थापक बाई सारख्या मनगटाकडे बघत होत्या. बेबीताई मध्येच थांबल्या.

"घाई... असेल... तर निघा. मला... सहापर्यंत... वेळ आहे."

कुणीतरी हसलं आणि लगेच ओशाळलं. व्यवस्थापक बाईंनी घड्याळावर बाही ओढली.

वाट काढली ती मदतनीसनेच. आपल्यावर ठपका येणार म्हणून बिचारी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. ती म्हणाली, "सकाळी तासभर उशिरा आले तर रात्री नऊला यायला मला जमेल की. आठवड्यातले चार दिवस तरी जमेल. मला कधी कुणी विचारलंच नाही." उरलेल्या तीन दिवसांपैकी दोन दिवसांसाठी दादा-वहिनी एका गुळगुळीत फळीवरून बेबीताईंना पलंगावर सरकवायला शिकले. पहिल्यांदा दादाच धपकन पलंगावर पडले. रविवार मात्र सुटला नाही; तिसरा दिवस दादांच्या पाठीला झेपेना, आणि रविवारी मदतनीसला रात्री येता येईना. रविवारी अजूनही सहा म्हणजे सहाच.

पुरवणीबाई एवढ्यावर थांबली नाही. आपले जुने अहवाल तिने उपसून काढले आणि जिथे पुरवणी नव्हती त्या प्रत्येक घरी, सुट्टीच्या दिवशी, पुन्हा गेली. आणखी अकरा माणसं दिवसाउजेडी निजवली जात होती. प्रत्येकाचा तिने नवा अहवाल लिहिला आणि प्रत्येकात आपली चूक कबूल केली. कचेरीतली मंडळी म्हणाली, बाईला वेड लागलं. साहेबांनी अकराही अहवालांवर सह्या केल्या.

वर्षाने ती पुन्हा बेबीताईंकडे गेली. त्या तीन मुद्दे घेऊन तयारीतच बसल्या होत्या. रविवार पहिला. मदतनीसचे हात थंडगार असतात, तो दुसरा. आणि तिसरा?

"वहिनी... पत्त्यात... लबाडी करते. रोज... रात्री... जेवणानंतर."

"हे सेवेत येत नाही हो बेबीताई."

"लिहा."

वहिनी आतून ओरडल्या, "साफ खोटं आहे हं!"

तिने नवी पुरवणी घेतली आणि लिहिलं.