मावशींनी पोलिसांना पाणी विचारलं

मंडळी, सकाळपासून घास उतरत नाहीये.

इथे परदेशात, टॅम्पिनीसमध्ये, माझ्या शेजारणीकडे तिची मावशी तिचं बाळंतपण करायला आली होती. बाळ सारखं आजारी, त्यामुळे मावशींचा पाय निघेना. व्हिजिट पास कधीच संपला होता.

आज पोलीस इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांना घेऊन आमच्या ब्लॉकमध्ये घरोघरी पास तपासत होते. मी शेजारणीकडेच बसले होते. बेल वाजली तशी तिने मावशींना किचनमध्येच थांबायला सांगितलं. कोण आलंय, हे सांगायला वेळच नव्हता. "घरी आम्हीच आहोत," ती दारात म्हणाली.

तेवढ्यात मावशी ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास आणि गुळाचे खडे घेऊन बाहेर आल्या. "उन्हातून आलेत गं, पाणी तरी विचारायचंस!"

तरुण पोलिसाने दोन्ही हातांनी ग्लास घेतला, पाणी प्यायला आणि हळूच म्हणाला, "आंटी, पासपोर्ट?"

पोलिसांबरोबर निघताना मावशी भाचीला म्हणाल्या, "बाळाला तेल लावून ठेवलंय, अंघोळ तेवढी घाल."

ग्लास अजून ओट्यावरच आहेत. शेजारीण ते विसळू देत नाही.

नियम मोडला होता, कबूल. पण दारात आलेल्याला पाणी विचारू नकोस, हे मावशींना कुणी सांगायचं होतं?